पेन्सिल कुठे थांबते

भाऊसाहेब गेले, त्यानंतरच्या रविवारी आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात शोकसभा झाली. चौघे बोलले. एकाने त्यांना ज्ञानाचा सागर म्हटलं, दुसऱ्याने वटवृक्ष. तिसऱ्या गृहस्थांना भाऊसाहेब हयातभर ‘रिकामं पाकीट’ म्हणत आले होते. त्या गृहस्थांनी डोळे पुसत सांगितलं की भाऊसाहेबांच्या तोंडून कधी कुणाविषयी वाकडा शब्द आला नाही. मला हसू आलं, ते मी रुमालात दडवलं, आणि शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग सूत्रसंचालक माझ्याकडे वळले. “आपण त्यांच्या ऑफिसातल्या. दोन शब्द?”

मी नकाराची मान हलवली. दोन शब्द माझ्याकडे होते, पण ते शोकसभेत बोलण्यासारखे नव्हते.

ग्वाल्हेरात आम्ही मराठी माणसं थोडी, आणि एकमेकांना धरून राहणारी. मेलेल्या माणसाविषयी खरं बोलायची आमच्यात सोय नाही. म्हणून लिहिते आहे. सावकाश लिहिते आहे, कारण या माणसावर मी फार वर्षं रागावलेली होते आणि आता तो राग कुठे ठेवायचा हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या खात्याच्या कार्यालयात ते जुन्या कागदपत्रांचे प्रमुख होते आणि मी संगणक कक्षात. उंच, वाळकुडा माणूस. दिवाळीला गळ्यात चढलेला मफलर होळीला उतरायचा. सायकलला दोन कुलपं आणि वर साखळी. इतका बंदोबस्त करून किल्ल्या मात्र चपराशाच्या बाकामागच्या खिळ्याला लटकवलेल्या, वर कागदाची चिठ्ठी: ‘सायकल’. कुणी हसलं तर म्हणायचे, “एवढी सोपी किल्ली खरी असेल असं चोराला वाटतच नाही.” ती सायकल एकदा गेलीच. चोराने जाताना किल्ल्या परत खिळ्याला लावून ठेवल्या होत्या. “बघा,” भाऊसाहेब म्हणाले, “शिस्तीचा माणूस होता.”

संगणकाच्या कळा ते बोटाने दाबत नसत. मागे खोडरबर असलेली एक पेन्सिल त्यांच्या खिशात कायम असे. ती उलटी धरून, रबराच्या टोकाने, पक्षी दाणे टिपतो तसं एकेक अक्षर टिपत. एक ओळ लिहायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढ्यात बाकीचे चहा पिऊन येत. बोट का लावत नाही विचारलं तर म्हणत, “ठसा राहतो.” त्या पेन्सिलीच्या दुसऱ्या टोकाने त्यांनी काही लिहिलेलं मी कार्यालयात पाहिलं नाही. शिसं तासलेलं, टोकदार, आणि बिनकामाचं.

त्यांच्या घराण्यात म्हणे दरबाराच्या काळी शिक्क्याची पेटी होती. ही गोष्ट त्यांनी मला निदान पंचवीस वेळा सांगितली असेल. दर वेळी पेटीचं लाकूड बदलायचं, कधी शिसम, कधी चंदन, पण शेवट तोच. “पेटीला किल्ल्या दोन. एक आमच्या पणजोबांकडे, एक दुसऱ्या सरदाराकडे. आणि दोघांची बोलाचाली बंद! याला म्हणतात सुरक्षा. तुमचे ते पासवर्ड-फासवर्ड पोरखेळ आहेत.”

“मग पेटी उघडायची कशी?” तिवारींनी एकदा विचारलं होतं. तिवारी माझ्या शेजारच्या टेबलावर बसत.

“नहीं खुलती थी, तिवारीजी,” भाऊसाहेब म्हणाले. “वही तो कमाल था.”

पण लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागात, त्यांची ख्याती होती ती वेगळ्याच गोष्टीसाठी. कोणत्याही परीक्षेचं गाइड घ्यायचं असेल तर लोक त्यांना बरोबर नेत. बँकेची परीक्षा असो, पटवाऱ्याची असो, मुलांची प्रवेशपरीक्षा असो. लग्नाला पत्रिका दाखवायला जसे एखाद्या शास्त्रीबुवांकडे जातात, तसे. आणि भाऊसाहेब शास्त्रीबुवांच्याच थाटात निघत.

त्यांची रीत अशी. नवं पुस्तक ते हातात धरत नसत. जुन्या पुस्तकांच्या दुकानातच जायचं. तिथे पुस्तक मागून उघडायचं आणि आधीच्या वाचकाच्या पेन्सिलीच्या खुणा कुठपर्यंत आल्या आहेत ते पाहायचं. “प्रस्तावना खोटं बोलते, दुकानदार खोटं बोलतो,” ते म्हणत. “पेन्सिल खोटं नाही बोलत. चाळिसाव्या पानावर थांबली असेल तर वाचणारा तरी मेला किंवा पुस्तक तरी. शेवटच्या पानापर्यंत गेली असेल तर डोळे मिटून घ्या.”

गंमत अशी की ज्यांच्या खुणांवर हे शास्त्र उभं होतं, त्यांचा ते मनस्वी तिरस्कार करत. पुस्तकात रेघोट्या ओढणारा माणूस आणि किल्ल्याच्या भिंतीवर आपलं नाव कोरणारा माणूस त्यांच्या लेखी एकच. त्यांच्या स्वतःच्या एकाही पुस्तकात कधी टिंब नव्हतं. हे एक मात्र आमच्यात सारखं होतं. मीही पुस्तकात लिहीत नाही. नानांनी, माझ्या वडिलांनी, लहानपणीच ती सवय मोडली होती.

राज्याचे दोन तुकडे होऊन छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा आमचं खातंही मधोमध फाटलं. कोण इकडे, कोण तिकडे, याच्या याद्या रोज लागत आणि रोज बदलत. त्याच धांदलीत ग्वाल्हेरमधले तीन संगणक कक्ष एकात मिसळायचं ठरलं. तीन कक्षांत मिळून आम्ही नऊ जण, आणि नव्या कक्षात जागा चार. हुकूम आला की दिल्लीच्या एका संस्थेची संगणक सुरक्षेची प्रमाणपत्र परीक्षा जे पास होतील ते राहतील. बाकीच्यांना राज्यात जिथे जागा असेल तिथे पाठवलं जाईल. पंचावन्नच्या वरच्यांना माफी. भाऊसाहेब छप्पन्नचे होते. त्यांच्या मफलरालाही धक्का लागणार नव्हता.

मला लागणार होता. खासगी बाजारात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत मी आणि नाना राहत होतो. नाना निवृत्त शिक्षक, काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली. सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे आणि संध्याकाळी एखाद्या पुस्तकाची चार पानं. बाकी दिवस ते एकटे निभावायचे, कारण त्यांना सगळं पाठ होतं. जिन्याच्या अठरा पायऱ्या, बोळातलं वळण, दूधवाल्याची ओटी. लष्कर त्यांना पाठ होतं. दुसरं गाव त्या वयात पाठ झालं नसतं. म्हणजे बदली झाली तर त्यांना सोडून जायचं, एवढाच तिचा अर्थ होता.

“काय मास्तरांची लेक,” भाऊसाहेब म्हणाले, “गाइड घ्यायचंय ना? शनिवारी चल.”

मी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून म्हटलं. हे नमूद करून ठेवते.

आधी त्यांनी मला नया बाजारात नेलं, ते केवळ नव्या पुस्तकाचा अपमान करण्यासाठी. नव्या अभ्यासक्रमाचं जाडजूड इंग्रजी गाइड काउंटरवर होतं, वर पारदर्शक वेष्टन. दुकानदार ते काढू देईना.

“खोलकर देखना है तो लेना पड़ेगा, भाऊसाहब।”

“म्हणजे मुलगी न दाखवता लग्न ठरवतोय हा,” भाऊसाहेब मला म्हणाले, आणि त्याला, “रखो भाई, सजा के रखो।”

त्याच काउंटरवर तिवारी उभे होते. त्यांच्या हातात ऐंशी-नव्वद पानांची पिवळी कुंजी होती, नुसते प्रश्न आणि उत्तरं. भाऊसाहेबांनी ती दोन बोटांत धरून वजन केल्यासारखं केलं. “तिवारीजी, इससे पास तो हो जाओगे। पर ताला कैसे लगाते हैं, यह चौकीदार से पूछना पड़ेगा।”

“पास हो जाऊँ, भाऊसाहब, चौकीदार से पूछ लूँगा,” तिवारी म्हणाले. सरळ माणूस.

मग दौलतगंज. जुन्या पुस्तकांच्या दुकानात भाऊसाहेब तासभर उकिडवे बसले. एकेक पुस्तक मागून उघडायचं, नाक मुरडायचं, बाजूला टाकायचं. “हा सत्तावीसवर मेला. हा बावन्नवर. ही बघ, हिने तर प्रस्तावनेतच प्राण सोडला.” दुकानदार आग्रह करत होता, “ये ले जाओ भाऊसाहब, एकदम ताज़ा माल है।”

“ताज़ा? किताब है कि भिंडी?”

शेवटी त्यांना हवं ते सापडलं. मळकट निळं पुस्तक, पाठ उसवलेली, आणि पेन्सिल थेट शेवटच्या पानापर्यंत. त्यांनी ते माझ्या हातात असं दिलं की जणू शिक्क्याची पेटीच.

मी ते पुढून उघडलं. आवृत्ती चार वर्षांपूर्वीची होती.

“भाऊसाहेब, यात इंटरनेटवर अकरा पानं आहेत.”

“आणि फ्लॉपीवर?”

“बावन्न.”

“मग? घरात उंदीर शिरतो तो दारातूनच ना? दार मोठं का लहान, उंदराला काय फरक पडतो? ज्याला एक कुलूप कळलं त्याला सगळी कळली.”

त्यांच्या शास्त्रातली खोट आज एखादं शाळकरी पोरही सांगेल. जे गाइड कुणीतरी शेवटपर्यंत वाचून, परीक्षा देऊन, मग विकून टाकलं आहे, ते होऊन गेलेल्या परीक्षेचंच असणार. पटवाऱ्याच्या परीक्षेत ते खपत होतं, कारण जमिनीची मोजणी दर वर्षी बदलत नाही. संगणकाचं तसं नाही. हे मला त्या क्षणी दिसलं होतं. मी बोलले नाही. माझ्या शंका मी आजवर पुस्तकांना विचारत आले, माणसांना नाही, आणि समोरचा माणूस तर लष्करातला शास्त्रीबुवा. मी निळं पुस्तक घेतलं.

तीन महिने ते मी नानांना ऐकू येईल असं मोठ्याने वाचलं. नानांना फ्लॉपी म्हणजे काय हे शेवटी माझ्याइतकंच कळायला लागलं. “म्हणजे ती पाटी समज,” ते म्हणायचे, “कुणाची थुंकी कुणाच्या पाटीला लागू द्यायची नाही.”

परीक्षा भोपाळला झाली. पडद्यावर एकामागून एक प्रश्न येत होते. जाळ्यांतून होणारे हल्ले, बनावट पत्रं, आत येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवणाऱ्या संगणकी भिंती, सांकेतिक किल्ल्या. फ्लॉपीवर एक प्रश्न होता. तो मला आला.

निकालात तीन नावं होती. त्यात तिवारी होते, कुंजीसकट. नव्या कक्षाची सुरक्षा त्यांच्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपला पासवर्ड कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला, बायकोचं नाव. चौथी जागा दुसऱ्या फेरीसाठी रिकामी ठेवली होती, सहा महिन्यांनी. तोवर मला राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, बालाघाटला जायचा हुकूम मिळाला.

भाऊसाहेब काय म्हणाले असतील?

“परीक्षाच भिकार. असल्या परीक्षेत पास होणं हा अपमान आहे.”

“तो माझा झाला असता तर चाललं असतं,” मी म्हटलं.

त्यांनी पेन्सिल उलटी केली आणि कळ टिपली. एक अक्षर. मग दुसरं. मी उभी आहे हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. स्टेशनवर ते आले नाहीत. तिवारी आले, डब्यात पुऱ्या घेऊन.

बालाघाटला जाऊन महिना झाला नव्हता तेव्हा नाना जिन्यात पडले. पायऱ्या त्यांना पाठ होत्या, पण हातात त्या दिवशी वर्तमानपत्र होतं. घडी करून खाली नेत होते, कुणीतरी वाचून दाखवील म्हणून. कमरेचं हाड मोडलं. मी पंधरा दिवसांची रजा काढून आले, एक बाई कामाला ठेवली आणि परत गेले. नाना पुढे काठीने खोलीपुरतं चालले. तो जिना ते पुन्हा कधी आपल्या पायांनी उतरले नाहीत.

भाऊसाहेबांचं घर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्या पंधरा दिवसांत ते एकदाही आले नाहीत, आणि नंतरही नाहीत. तिवारी येत, शेजारचे येत, मंडळातले ते वटवृक्षवालेसुद्धा येऊन गेले. मी माणसांना सहसा वाईट म्हणत नाही. त्यांना म्हटलं, मनात, पुष्कळदा.

बालाघाटला परतल्यावर महिनाभराने एक पार्सल आलं. जाड तपकिरी कागद, सुतळी, गाठीवर लाखेचे दोन ठिपके. पत्ता भाऊसाहेबांच्या त्या डौलदार, दप्तरी अक्षरात. आत चिठ्ठी नाही, चकार शब्द नाही. नुसतं पुस्तक. नया बाजारात काउंटरवर पाहिलं होतं तेच, नव्या अभ्यासक्रमाचं. पण वापरलेलं, कोपरे दुमडलेले, मधल्या पानांवर पिवळट डाग. मी मागून उघडलं. पेन्सिल शेवटच्या पानापर्यंत होती.

म्हणजे एवढं होऊनही खोड गेली नव्हती. पुन्हा दौलतगंज, पुन्हा उकिडवं बसणं, पुन्हा कुणाच्या तरी उष्ट्या खुणा. या वेळी नशिबाने हाताला नवी आवृत्ती लागली, इतकंच. मी ते पुस्तक आठवडाभर खाटेखाली ढकलून ठेवलं. मग उचललं, कारण दुसरं नव्हतं.

आणि मग मला ती भेटली.

आधीची वाचक बाई होती. पुस्तक इंग्रजी, पण समासातले शेरे हिंदीत, वेड्यावाकड्या, गडगडत गेलेल्या अक्षरात. पहिल्याच पानावर: ‘आज से शुरू। भगवान मालिक।’ तिसऱ्या प्रकरणात: ‘कुछ समझ नहीं आया। कल फिर पढ़ूँगी।’ त्याच्याखाली: ‘कल आ गया। अब भी नहीं आया।’ पासवर्डच्या प्रकरणात: ‘सास का नाम कभी मत रखना, सबको पता है।’ एका पानावर: ‘सिलेंडर ख़त्म। पढ़ाई भी।’ दोन पानांनंतर: ‘सिलेंडर आ गया।’ जिथे पिवळट डाग होता तिथे: ‘दूध उफन गया। पर यह वाला समझ में आ गया।’ आणि खरोखर, त्या जागी तिने चार ओळींत ते असं उलगडून लिहिलं होतं की मलाही समजलं. अडवणाऱ्या भिंतीबद्दल तिने लिहिलं होतं: ‘चौकीदार वही अच्छा, जो मालिक को भी रोककर पूछे।’ पुढे दुसऱ्या फेरीच्या परीक्षेत तो प्रश्न आला, आणि उत्तर मला तिच्या शब्दांत आठवलं.

बालाघाटात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. कार्यालयातून आले की मी स्वयंपाक करायचे आणि पुस्तक उघडून तिच्याजवळ बसायचे. मनात तिला मी बहनजी म्हणायचे. ती साधारण माझ्या वयाची असेल, घरात चार माणसं असतील, सासू खाष्ट असेल, असं मी ठरवून टाकलं होतं. माझ्या घरी कधी दूध उतू गेलं की मला तिची आठवण यायची. पुस्तकांची मला लहानपणापासून सवय, पण पुस्तकातून कुणी माझ्याशी बोलतं आहे असं तेवढ्या एकदाच वाटलं.

शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं: ‘पहली बार पुरानी किताब से पढ़ी थी, इसलिए रह गई। दोष किताब का नहीं, चुनने वाले का था।’

हे वाचून मी टाळी वाजवली. एकटी, खोलीत. जे भाऊसाहेबांच्या तोंडून जन्मात निघालं नसतं, ते या अनोळखी बाईने दोन ओळींत लिहून ठेवलं होतं.

मी पास झाले. चौथी जागा मला मिळाली. आठ महिन्यांनी ग्वाल्हेरला आले आणि पहिल्या दिवशी ते पुस्तक पिशवीत घालून कार्यालयात गेले. भाऊसाहेब पेन्सिलीने कळा टिपत बसले होते. मी शेवटचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि त्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या, तिवारींना ऐकू जाईल अशा. असं मी आयुष्यात पूर्वी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

“तुम्हीच पाठवलंत,” मी म्हटलं. “पाठवण्याआधी वाचलं असतंत तर बरं झालं असतं. ही बाई तुमच्यापेक्षा शहाणी आहे.”

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. पान डोळ्यांजवळ नेलं. दोन्ही ओळी वाचल्या.

“शहाणी दिसते,” ते म्हणाले. “अक्षर मात्र फार भिकार आहे.”

मी पुस्तक हिसकावून घेतलं. एका अनोळखी, कष्टाळू बाईबद्दलही या माणसाला एक चांगला शब्द काढता येऊ नये! त्या दिवसापासून आमची बोलाचाली कामापुरती राहिली. पुढे ते निवृत्त झाले, निरोपसमारंभात मी हार घातला आणि मागे जाऊन बसले. नाना गेले तेव्हा ते आले होते, दाराबाहेर मफलर हातात धरून उभे राहिले, आणि आत न येताच गेले. नंतर कधी बाड्यावरच्या चौकात दिसले तर मी नमस्कार करून रस्ता ओलांडत असे.

शोकसभेनंतर काकूंनी, त्यांच्या पत्नीने, मला थांबवलं. “तू पुस्तकांतली आहेस. येऊन जा घरी, यांच्या पुस्तकांचं काय करायचं ते तूच सांग.”

गेले. दोन कपाटं होती. मी एकेक पुस्तक काढून चाळत होते आणि काकू पलंगावर बसून शेंगा निवडत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “एवढ्या पुस्तकांत एक रेघ नाही, काकू.”

“रेघ? हात लावू द्यायचे का कुणाला पुस्तकाला!” मग त्या हसल्या. “एकदाच काय वेड लागलं होतं देव जाणे. नवं कोरं पुस्तक आणलं. इतकं जाड. आणि बसले की त्याचे कोपरे दुमडत. मी बोलले, अहो, हे काय करताय? तर म्हणे, ‘नवं दिसता कामा नये.’ आणि लिहायचे, ते पण डाव्या हाताने.”

माझा हात कपाटातच थांबला.

“मी तर घाबरूनच गेले. म्हटलं, उजवा हात गेला की काय यांचा. चला बोलले, डॉक्टरला दाखवून येऊ. तर माझ्यावरच डाफरले. सकाळ नाही, दुपार नाही, दोन महिने तेच. रोज मला विचारायचे, आज काय झालं गं स्वयंपाकघरात? मी म्हटलं, काय होणार, सिलेंडर संपला. तर ते पण लिहून घेतलं! एक दिवस मी देवळात निघाले, म्हणाले, जा, दूध मी बघतो. परत येते तर सगळं दूध शेगडीवर, पुस्तकावर. मी ओरडायला लागले तर हात वर करून म्हणतात, ‘थांब, एवढं लिहू दे.’ आता माझ्या दुधाचं काय लिहायचं असतं, तू सांग.”

“कुणाला दिलं ते पुस्तक?” मी विचारलं.

“काय माहीत. पोस्टात टाकून आले. तुला काय झालं गं? पाणी देऊ?”

मी पाणी प्यायले. पुस्तकं मंडळाच्या वाचनालयाला द्या असं सांगितलं आणि घरी आले.

ते गाइड माझ्याकडे अजून आहे. ती परीक्षा कधीच बंद झाली, त्यातले निम्मे धोके आता संग्रहालयात ठेवण्यासारखे झाले आहेत. मी ते पहिल्यापासून वाचायला घेतलं. सांकेतिक किल्ल्यांच्या प्रकरणात, जिथे एका किल्लीने बंद केलेलं दुसरीनेच कसं उघडतं हे समजावलेलं आहे, तिथे समासात लिहिलं होतं: ‘दो चाबियाँ। दोनों की आपस में बोलचाल बंद।’

हे वाक्य मी बालाघाटात निदान चार वेळा वाचलं असेल. वाचन हीच माझी एक मिळकत, असं मी समजत आले. माणूस रागात असला की समोरचं वाचत नाही, आपल्या मनातलं वाचतो, एवढं शिकायला मला इतकी वर्षं लागली.

त्यांना मी माफ केलं आहे असं कुणी समजू नये. माफी मागायला त्यांनी एक सबंध बाई रचली. तिला घर दिलं, सासू दिली, उतू गेलेलं दूध दिलं. छप्पन्नाव्या वर्षी डावा हात लिहिता केला. त्यांना जमलं नाही ते एवढंच: दहा मिनिटं चालून, अठरा पायऱ्या चढून, नानांना एक वर्तमानपत्र वाचून दाखवणं. ज्याला सरळ वाक्य बोलता येत नाही त्याच्या हुशारीचं मला कधीच कौतुक वाटलं नाही, आजही वाटत नाही. शोकसभेत न बोललेले ते दोन शब्द मी बदललेले नाहीत.

पण शेवटच्या पानाशी आले आणि तिथे अडले. ‘दोष किताब का नहीं, चुनने वाले का था।’ या ओळी मी त्यांना सगळ्यांदेखत वाचून दाखवल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून त्या पुन्हा वाचल्या होत्या. आणि ज्याला त्यांनी नावं ठेवली, ते अक्षर त्यांचं होतं.

टेबलाच्या खणात पेन्सिल शोधली. नीट टोक केलं. पुस्तकात काही लिहायची ही माझी पहिलीच वेळ. त्या दोन ओळींच्या खाली, उरलेल्या जागेत, मी लिहिलं:

‘बहनजी, अक्षर फार भिकार आहे.’